तपासनिसाची पिशवी

"साहेब, तेवढी पिशवी ओट्यावरून खाली घ्या," आचारी म्हणाला आणि पुन्हा कांदा चिरायला लागला. बस, एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. घरातलं मांजर ओट्यावर चढलं की आपण "ए, उतर" म्हणतो ना, तसं. मी त्या वेळी कारखान्याच्या त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून फ्रीजच्या दाराचं रबर ओढून त्याच्या घडीत बोट घालत होतो. लोक फ्रीज पुसतात, आतून पुसतात, वरून पुसतात, पण त्या रबराची घडी उघडून पुसणारा माणूस मी सत्तावीस वर्षांत दोनदाच पाहिला आणि त्यातला एक वेडा होता. या खाद्यगृह तपासनिसाच्या नोकरीत माझं नाव पडलंय 'बोटवाले'. मी आत शिरलो की गल्ल्यावरून आत हाक जाते, "बोटवाले आले रे!" आणि आत जी पळापळ होते तिच्यावरूनच मला निम्मा निकाल कळतो. बोट कुठे घालायचं हे ज्याला कळलं त्याला स्वयंपाकघर कळलं. दिव्याच्या बटणावर. नळाच्या खालच्या अंगाला. चमच्यांच्या डब्याच्या तळाशी. झाडू ठेवायच्या कोपऱ्यात, कारण झाडूनं सगळं घर झाडतात, झाडू कोण झाडतो? एका खानावळीत मी भिंतीवरची फळी सरकवली तर मागून मालकाच्या लग्नाचा फोटो निघाला; त्यातला नवरा झुरळांनी खाल्लेला, बायको खाल्लेली, सासू तेवढी शाबूत. एका बेकरीतला उंदीर इतका जुना होता की नवा कामगार त्याला विचारून भट्टी पेटवायचा. हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात आणि जेवायचं थांबवतात, आणि मला दोन्ही आवडतं.

पण आचाऱ्याचं वाक्य ऐकून मी उठलो तेव्हा माझ्या गुडघ्यांतून आवाज आला आणि भांडी घासणारी बाई फिसकन हसली. मी म्हटलं, "अहो, कांदा तर तुम्ही फळीवर चिरताय. पिशवी चांगली हातभर लांब आहे. लागतेय कुठे?"

"आत्ता नाही लागत," आचारी म्हणाला. "संध्याकाळी याच जागेवर मी कणीक मळतो. आणि इथं यायच्या आधी पिशवी कुठे टेकवली होती?"

"कुठे म्हणजे?"

"ते मला काय ठाऊक? पिशवी तुमची."

"साहेबांच्या फॉर्मात ते नसतं, काका," भांडीवाली म्हणाली. "फॉर्मात फक्त आपण असतो."

मी हसलो. हसायलाच हवं होतं. पिशवी उचलली आणि ती ठेवायला दुसरी जागा शोधायला लागलो, आणि तेव्हा लक्षात आलं की जागा नाही. खुर्चीवर? तिच्यावर माणसं बसतात आणि मग ताटाला हात लावतात. फरशीवर? फरशीवरून उचलून मी ती पुढे कुठे ठेवणार? एवढं मोठं स्वयंपाकघर, तीनशे माणसांचं, आणि त्यात माझ्या पिशवीला टिचभर जागा नाही. शेवटी ती खांद्याला लटकावून, एका हातानं फॉर्म धरून मी एकेचाळीस मुद्दे भरले. अक्षर असं आलं की माझं मलाच वाचता येईना. आचाऱ्यानं सही केली आणि वर म्हणाला, "राग मानू नका हं, साहेब. दिव्याखाली अंधार असतोच. आमच्याकडे पण असतो."

राग! रागच आला होता मला, पण कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून रस्त्यावर आल्यावर मी पहिल्यांदा पिशवीवरच चिडलो. जाड कापडाची, मूळची खाकी, आता कुठल्याच रंगाची नाही. तळाला एक काळपट, गुळगुळीत पट्टा, बुटाच्या टाचेसारखा. हा तळ मी यापूर्वी कधी पाहिलाच नव्हता. मी जगातल्या सगळ्या वस्तूंचे तळ बघत हिंडतो, ताटल्यांचे, टोपांचे, डब्यांचे, आणि ज्या वस्तूला मी दिवसाचे नऊ तास हात लावतो तिचा तळ मला परका. सकाळपासून कुठे टेकवली होती? मासळीच्या गाळ्यात, ओल्या फरशीवर, कारण तिथं मोरीचं झाकण उघडून बघायला दोन्ही हात लागले. मग त्या चकचकीत हॉटेलच्या संडासात, वॉशबेसिनच्या कठड्यावर. मग बसमध्ये पायांपाशी. मग कारखान्याच्या ओट्यावर. हे झालं आजचं. असे किती दिवस? मी हिशेब करायला नको म्हटलं. मी शहरातल्या सगळ्या घाणीचा टपालवाला होतो म्हणायचा; प्रत्येक घरची थोडी घ्यायची आणि पुढच्या घरी पोचती करायची, आणि वर लोकांनी मला साहेब म्हणून चहा द्यायचा.

आणि दिवस संपला की ती पिशवी कुठे जात होती? घरी. घरी जेवायच्या टेबलावर. इथं माझे पाय थांबले. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला आणि "रस्ता काय तुमचा आहे का?" म्हणून पुढे गेला. पूर्वी टेबलावर नव्हती ती जात. पूर्वी, म्हणजे ही होती तेव्हा, मी दारात पाय ठेवला की ही हातातून पिशवी काढून घ्यायची. मला वाटायचं, नवरा दमून आलाय म्हणून. मग ती पिशवी कुठे जायची ते मी कधी पाहिलं नाही, मी तोपर्यंत पंख्याखाली बसून आजची मजा सांगायला लागलेलो असायचो आणि ही आतून "हं, मग?" करायची. सकाळी पिशवी मागच्या गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिचा तळ दमट असायचा. रोज. आणि मी रोज चिडायचो. "अगं, पिशवी ओली कशी? आत सरकारी कागद असतात!" ती म्हणायची, "दवानं झाली असेल." बारा महिने तेरा काळ दव! उन्हाळ्यातही दव! आणि मी, ज्यानं फळीमागचे फोटो शोधले, त्या मी हे पटवून घेतलं. एकदा तर मी म्हटलं, "गॅलरीत टांगतेस कशाला? माझी पिशवी काय अस्पृश्य आहे का?" तर म्हणाली, "तिला वारा लागू दे हो. दिवसभर तुमच्याबरोबर असते बिचारी." यावर मी खूप हसलो होतो आणि हा विनोद ऑफिसात सांगितला होता. चोवीस वर्षं ती बाई रोज संध्याकाळी साबणाच्या फडक्यानं तो तळ पुसत होती. मला एका शब्दानं म्हणाली नाही की तुम्ही घाण घरात आणता. म्हणाली असती तर मी काय केलं असतं? फॉर्म काढला असता. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर पिशवी कधी ओली लागली नाही, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. कळलं ते इतकंच की आता सकाळी चिडायला काही उरलं नाही.

बस आली. मी बसलो, पिशवी मांडीवर घेतली, मग मांडी म्हणजे माझी पँट, पँट म्हणजे घरातली गादी, म्हणून उचलून हातात अधांतरी धरली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आत मांजराचं पिल्लू आहे का?" मी म्हटलं, "त्याहून वाईट आहे." त्या खिडकीकडे सरकल्या. लेकीच्या घराकडे जाणारी बस होती ती. मी ठरवून चढलो नव्हतो, पण चढलो होतो. सकाळी जावयाचा फोन आला होता. जावई माझ्याशी बोलताना नेहमी खाकरून सुरुवात करतो. "बाबा, ती आज राजीनामा पाठवणार आहे. पत्र लिहून ठेवलंय. चारला मी घरी आलो की मी वाचणार आणि मग ती पाठवणार. तुम्ही तिला समजवा. तुमचं ऐकते." मी विचारलं होतं, "अरे, पण का?" जणू मला ठाऊकच नव्हतं. "बाळाला पाळणाघरात ठेवायचं नाही म्हणते. म्हणते, मी आई असून मला बाटली धड धुता आली नाही, तर परकी बाई काय धुणार. तिचे हात बघितलेत का तुम्ही?"

हात बघितले होते मी. माझी लेक नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. नद्या, रस्ते, उंचसखलपणा, केसाएवढ्या रेषा. लहानपणी शाईचा एक ठिपका सांडू द्यायची नाही. त्या बोटांच्या पेरांना आता चिरा पडल्यात, चिरांच्या कडा पांढऱ्या. दिवसातून वीस वेळा उकळतं पाणी, साबण, पुन्हा उकळतं पाणी. बाटल्या उकळते, बुचं उकळते, चिमटा उकळते, आणि ज्या चिमट्यानं तो चिमटा काढायचा तोही उकळते. जवळ जवळ तीन महिने. आणि तीन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे चार दिवस राहायला आली होती. बाळ तेव्हा सहा महिन्यांचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला जुलाब सुरू झाले, तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, मग दवाखाना, एवढ्याशा हाताला सुई, आणि डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलंय, बाटली नीट धुता ना? त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं असेल. पण मी घरी आलो आणि काय केलं? बाकीचे आजोबा नवस बोलतात, रडतात, सिगारेट ओढतात. मी माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराची तपासणी केली. खरी. सरकारी फॉर्मवर, खाली कार्बन घालून. फ्रीजचं रबर, नळाची खालची बाजू, दिव्याची बटणं, चमच्यांचा डबा. सगळीकडे बोट घातलं. एकेचाळीसपैकी एकेचाळीस. शेरा: उत्तम. आणि लेक दवाखान्यातून कपडे बदलायला आली तेव्हा तिला तो वाचून दाखवला. म्हटलं, "हे बघ, घरात काही नाही. म्हणजे उरतं काय?" ती म्हणाली, "बाबा, म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, "मी कुणाचं नाव घेत नाही. फॉर्म काय म्हणतो ते सांगतो." हे बोलताना पिशवी टेबलावर होती, मी तिच्यातून फॉर्म काढला होता आणि तिच्यावरच ठेवून लिहिला होता.

सिग्नलला बस थांबली. आता यापुढचं जे आहे ते मला बसमध्ये आठवलं असं मी म्हणू शकतो, आणि सांगायला ते बरं दिसेल. पण खोटं कशाला बोलू? उंदरांच्या बाबतीत बोलतो तेवढं पुरे. मी ते विसरलोच नव्हतो. ते तिथंच होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, घरात एखादा डाग असतो आणि आपण त्याच्यावर खुर्ची सरकवतो तसं. पहिल्या दिवशी संध्याकाळी लेक आंघोळीला गेली होती. मी कामावरून आलो, पिशवी टेबलावर टाकली आणि बाळाला उचलून टेबलाच्या कडेला बसवलं, एका हातानं पाठीला धरून. त्यानं पिशवीचा पट्टा ओढला. पट्ट्याचं टोक लोंबतं, चालताना कुठेही लागतं. त्यानं ते तोंडात घातलं आणि चोखायला लागलं, अगदी मन लावून, कपाळाला आठ्या घालून. आणि मी म्हटलं, "अरे वा! आजोबांचा वारस! आतापासून तपासणी का?" किती वेळ चोखत होतं? मी त्याला बेकरीतल्या उंदराची गोष्ट सांगून संपवली, तेवढा वेळ. त्या दिवशी सकाळी मी कोंबड्या कापायच्या दुकानात होतो आणि फरशीवर जे होतं ते मी लिहून आणलं होतं, मुद्दा बावीस, शेरा अत्यंत असमाधानकारक. बाथरूमचं दार वाजलं तेव्हा मी पट्टा त्याच्या तोंडातून काढला. का काढला? लेक बघेल म्हणून. म्हणजे काढण्याजोगं काहीतरी होतं हे माझ्या हाताला ठाऊक होतं. डोक्याला कळवायचं हातानं राहून गेलं, किंवा कळवलं आणि डोक्यानं पोच दिली नाही.

लेकीच्या इमारतीचे तीन जिने मी चढलो आणि प्रत्येक जिन्याला एक वेगळी सुरुवात जुळवली. पहिल्यावर वाटलं, हसत हसत सांगू, "अगं, आज एका आचाऱ्यानं माझी काय फजिती केली!" दुसऱ्यावर वाटलं, आडून सांगू, पूर्वीच्या काळी एक तपासनीस होता, असं. तिसऱ्यावर धाप लागली आणि काहीच सुचलं नाही. पिशवी दाराबाहेर चपलांच्या शेजारी ठेवली. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "हळू. आत्ताच झोपलंय," आणि माझ्याकडे न बघता परत स्वयंपाकघरात गेली. गॅसवर मोठं पातेलं खदखदत होतं, आत बाटल्या एकमेकींवर टकटक आपटत होत्या. खिडकीच्या काचेवरून वाफेचं पाणी ओघळत होतं. फ्रीजवर, चुंबकाखाली, घडी घातलेला कागद होता. मी सरळ मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "त्यानं फोन केला असेल तुम्हाला. बाबा, मला समजावू नका. माझं ठरलंय."

"मी समजवायला नाही आलो."

"मग?"

"बाळाच्या आजारपणाचं सांगायला आलोय."

"त्याचं आता काय?" ती चिमट्यानं बाटली काढत होती. चिमटा थरथरला नाही. नकाशे काढणारा हात.

मी सांगितलं. हसत नाही, आडून नाही. पिशवीचा तळ, त्या दिवशीचं कोंबड्यांचं दुकान, टेबल, पट्टा. तुझी आंघोळ. मी किती वेळ बघत होतो ते. दार वाजल्यावर काय केलं ते. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट न वाढवता सांगितली आणि ती चार वाक्यांत संपली. मला वाटलं होतं बरीच लांब असेल. ती ऐकताना एकदाही "हं, मग?" म्हणाली नाही. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "तोंडात घातला होता? की नुसता हातात होता?"

"तोंडात."

"आणि फॉर्म भरलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"होतं म्हणजे... हो. होतं."

मी वाट बघत होतो. चिमटा फेकून मारेल, रडेल, चालते व्हा म्हणेल. मला त्यातलं काहीही चाललं असतं. खरं सांगतो, मला ते हवं होतं. सत्तावीस वर्षं लोकांना शेरे दिलेल्या माणसाला एक शेरा मिळायला हवाच होता, आणि तो घेऊन मी गपचूप जिना उतरलो असतो. तिनं गॅस बंद केला. बाटल्यांची टकटक थांबल्यावर घरात इतकं शांत झालं की खालच्या मजल्यावरचा रेडिओ ऐकू आला. मग तिनं पदराला, नाही, पदर कुठला, कुडत्याला हात पुसले, फोन उचलला आणि माझ्याकडे पाठ करून नवऱ्याला लावला. "ऐक. माझ्यामुळे नव्हतं ते. नाही, बाटली नव्हती. बाबांची पिशवी होती. पिशवी, पिशवी. पट्टा चोखला त्यानं. हो, इथेच आहेत, समोर. नाही रे, माझ्यामुळे नव्हतं." ठेवला. लगेच सासूला लावला. "आई, ते बाळाचं पोट बिघडलं होतं ना तेव्हा... हो हो, तेच. माझ्यामुळे नव्हतं." माझ्या विहीणबाई पलीकडून बरंच काही बोलल्या. मला ऐकू आलं नाही, पण कुणाविषयी असेल ते कळलं. मग ऑफिसातल्या मैत्रिणीला. मग, मला वाटतं, शाळेतल्या कुठल्यातरी मैत्रिणीला, जिला बाळ आजारी होतं हे आधी सांगावं लागलं. प्रत्येक वेळी वाक्य तेच, पण दर वेळी आवाज थोडा खाली येत होता, चढ चढून आलेल्या माणसाचा श्वास खाली येतो तसा. "माझ्यामुळे नव्हतं ते. हो. माझ्यामुळे नव्हतं."

मी खुर्चीत बसून होतो. मला म्हणायचं होतं, बाई, तू एकदा माझ्याशी भांड. माझ्याकडे बघ तरी. पण तिला माझ्यासाठी वेळ नव्हता. तीन महिन्यांचं तुंबलेलं पाणी निघत होतं आणि मी त्या मोरीच्या कडेला उभा राहून माझा नंबर कधी लागतो ते बघत होतो. कसला उपरा वाटत होतो मी! क्षमा मागायलासुद्धा रांग. पाचवा फोन तिनं लावला तेव्हा आवाज एकदम वेगळा झाला, कचेरीतला. "मॅडम, तुमच्या पाळणाघरात सोमवारपासून जागा आहे का हो अजून? ... मुलगा. नऊ महिन्यांचा. ... नाही, दूध वरचं घेतो. बाटल्या? बाटल्या तुम्ही धुता ना? ... बरं. बरं. चालेल."

एवढ्यात आतून बाळ रडलं. आधी किरकिर, मग भोकाड. मी जागचा हललो नाही. त्या खोलीत जायची परवानगी मला कुणी दिली नव्हती. लेक फोन कानाला लावूनच वळली, पलीकडची बाई वेळा सांगत होती आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या लिहीत होती, चिरा पडलेल्या बोटांत पेन्सिल धरून, तिच्या त्या बारीक रेघेच्या अक्षरात. लिहिता लिहिता तिनं डावा हात माझ्या दिशेनं हलवला, आतल्या खोलीकडे. जा ना. बघा ना जरा. मी मागे वळून पाहिलं, की हे कुणाला. तिनं मला माफ केलं होतं, की घरात दुसरं कुणी नव्हतं, ते मला कळेना आणि विचारायची ती वेळ नव्हती. बाळ श्वास रोखून रडत होतं. मी उठलो.